कुठल्या समुद्रावरचा सूर्य

हेमावती मॅडमांचं बोलावणं आलं तेव्हा विशालाक्षी फळ्यावर हत्ती काढत होती. तास वजाबाकीचा होता. पण आठ वर्षांच्या मुलांना नुसती वजाबाकी पचत नाही, हत्तीने केळी खाऊन टाकली की लगेच पचते, हे तिला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळून चुकलं होतं. हत्तीची सोंड अर्धीच राहिली. साडीवरचा खडू झटकत ती मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेली.

शाळा चेन्नईच्या वेस्ट मांबलममधली, मांबलम स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. खाली झेरॉक्सचं दुकान, समोर फुलवाली, आणि मधल्या अरुंद जिन्यावरून सकाळी दप्तरांचा लोंढा. तिसरीपर्यंत प्रत्येक इयत्तेचा एकच वर्ग. चौथीपासून मात्र दोन. एक ‘स्टार सेक्शन’ आणि दुसरा नुसता दुसरा. त्याला कुणी नावच दिलं नव्हतं.

हेमावती मॅडमांनी तिला बसायला सांगितलं आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला. नोव्हेंबरात झालेल्या चाचणीबद्दल ती घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीकडून मेल आली होती. तिसरीच्या एका प्रश्नाचं उत्तर या शाळेतल्या जवळजवळ सगळ्या मुलांनी चुकवलं होतं, आणि सगळ्यांनी एकच चूक केली होती. देशभरात बाकी बहुतेक मुलांना तो प्रश्न बरोबर आला होता. कंपनीच्या कॉम्प्युटरने त्यावरून निष्कर्ष काढला होता की मुलांना कुणीतरी उत्तर सांगितलं. त्या दिवशी हॉलमध्ये देखरेखीला विशालाक्षी होती.

कुठला प्रश्न, असं तिने विचारलं. ते कंपनी सांगत नव्हती, प्रश्नपत्रिका गोपनीय असतात. चौकशीला त्यांचं माणूस येणार होतं. तोवर तिसरीचा निकाल राखून ठेवला होता.

“मला तुमच्यावर संशय नाही,” हेमावती मॅडम म्हणाल्या, “पण पालकांना काय सांगू, ते तुम्हीच मला सांगा.”

बाई वाईट नव्हत्या. त्यांची कोंडी विशालाक्षीला समजत होती. तीन वर्षांपूर्वी आसपासच्या मोठ्या शाळा मुलं ओढून न्यायला लागल्या, तेव्हा आपल्याही शाळेच्या फाटकावर काहीतरी चमकदार लावावं म्हणून त्यांनी ही चाचणी घ्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी फाटकावर फलक लागला. दुसऱ्या वर्षी फलकावर मुलांचे फोटो आले, क्रमांकासकट. तिसऱ्या वर्षी चौथीचे दोन वर्ग त्याच क्रमांकावरून पाडायचं ठरलं. मग जुलैपासून सराव. चार पर्याय, चार गोल, एक काळा करायचा. चित्रकलेचा तास त्यात गेला. शुक्रवारचा गोष्टींचा तासही गेला, आणि तो विशालाक्षीला सगळ्यात जास्त लागला. पूर्वी मुलं गोष्टीच्या मधेच हात वर करून विचारायची की राक्षस जेवतो काय, राणीला भाऊ होता का. आता काहीही शिकवलं की एकच हात वर यायचा आणि एकच प्रश्न. मिस, हे टेस्टला येणार का?

आणि या सगळ्यात रम्या होती. रम्याची आई त्याच गल्लीत ब्लाऊज शिवायची. मुलगी शांत, बारीक, सावकाश. तिला काही विचारलं तर ती आधी खिडकीबाहेर बघायची, मग उत्तर द्यायची, आणि ते उत्तर ऐकण्यासारखं असायचं. पण गोल काळे करायच्या कागदावर खिडकी नसते. सरावाच्या प्रत्येक चाचणीत रम्याचे अर्धे गोल पांढरे राहायचे. ती कायम शेवटची. दुसरा वर्ग तिच्यासाठी ठरलेलाच होता, आणि ते तिलाही माहीत होतं. एकदा तिने विशालाक्षीला विचारलंही होतं, की दुसऱ्या वर्गात मिस हत्ती काढतात का.

त्या संध्याकाळी विशालाक्षीने नवऱ्याला सगळं सांगितलं. चंद्रमौळी श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात होता, नुकताच कंपनीच्या बसमधून उतरून आला होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की कारखान्यात एकाच बाजूचा दरवाजा सगळ्याच गाड्यांना वाकडा बसायला लागला, तर आम्ही दरवाजाला रागावत नाही, साचा तपासतो. विशालाक्षीला हे पटलं, पण झोप काही लागली नाही.

पोंगलची सुटी संपली आणि पुण्याचं माणूस आलं. विशालाक्षीने कुणीतरी टक्कल पडलेला, फायली घेतलेला गृहस्थ मनात धरला होता. आली ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. पाठीवर सॅक, घामाने कपाळाला चिकटलेले केस. तिचं नाव ऊर्मी बापट. हेमावती मॅडमांशी ती इंग्रजीत बोलली. मग विशालाक्षीची ओळख करून दिली गेली तशी तिने चेहरा सरकारी केला.

“या, बसा,” विशालाक्षी म्हणाली. “पुण्याहून आल्यांत? प्रवास सुखरूप जाला की?”

ऊर्मीचा सरकारी चेहरा जागच्या जागी गळून पडला. चेन्नईच्या या गल्लीत, मोगऱ्याचा गजरा माळलेल्या, कांजीवरमच्या काठाच्या सुती साडीतल्या बाईच्या तोंडून मराठी, आणि तीही जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी. विशालाक्षीने सांगितलं की आम्ही तंजावरचे, आमचे लोक इकडे येऊन तीनशेंवर वर्षं जालीं, घरांत अजून हेंच बोलतों, मधें मधें तमिळ घालून. ऊर्मीने विचारलं की तुम्ही कधी महाराष्ट्रात आला आहात का. विशालाक्षी म्हणाली की एकदां, पंढरपुरास, तेव्हां रिक्षावाल्याने मज हिंदींत उत्तर दिलें. दोघी हसल्या. मग चौकशी आहे हे आठवून दोघी उठल्या.

चौकशी ग्रंथालयात झाली. ऊर्मी एकेका मुलाला बोलावणार, प्रश्न पुन्हा विचारणार, आणि दोन्ही भाषा येणारं दुसरं कुणीच नसल्याने विशालाक्षी फक्त तमिळचं मराठी करून सांगणार, स्वतःचं एक अक्षर घालणार नाही असं ठरलं. ऊर्मीने सॅकमधून एक चित्र काढलं. तेव्हा कुठे विशालाक्षीला तो प्रश्न पहिल्यांदा दिसला.

चित्रात समुद्र होता. समुद्राच्या रेषेवर अर्धा सूर्य, लाल. एक होडी. वर पक्ष्यांची रांग. खाली विचारलं होतं, ही दिवसाची कोणती वेळ आहे? सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र.

विशालाक्षीने चित्र पाहिलं. इतक्या सोप्या प्रश्नात मुलं चुकली तरी कशी, हे तिला कळेना. पण ती काही बोलली नाही. तसं ठरलंच होतं.

पहिला मुलगा आला. सकाळ, म्हणाला. का? सूर्य समुद्रात आहे म्हणून. दुसरी मुलगी आली. सकाळ. का? सूर्य समुद्रात आहे. तिसरा, चौथी, पाचवा, सगळ्यांचं तेच. ऊर्मीचा चेहरा हळूहळू पुन्हा सरकारी व्हायला लागला, कारण उत्तर तर एकच होतंच, कारणही शब्द न शब्द एकच होतं. पढवलेल्या मुलांची लक्षणं याहून वेगळी काय असतात? तिने पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात मराठीत विचारलं, “मॅडम, खरं सांगा. यांना हे कुणी सांगितलं?”

विशालाक्षीला आता खरोखरच काही समजेना. “कुणी सांगावयास कशास पाहिजे? सकाळच आहे की ती.”

“अहो, संध्याकाळ आहे.”

“संध्याकाळ कशी होईल? संध्याकाळीं सूर्य समुद्रांत काय करतो?”

दोघींनाही वाटलं की समोरची आपली थट्टा करते आहे. तेवढ्यात दारात रम्या उभी राहिली. यादीत आता तिचा क्रमांक होता.

ऊर्मीने कागद पाहिला. वर्गात हिचं एकटीचं उत्तर वेगळं होतं, म्हणजे उत्तर नव्हतंच. चारही गोल पांढरे. ऊर्मीने जरा मऊ आवाजात विचारलं की हा प्रश्न तू का सोडलास, येत नव्हता का.

रम्याने आधी खिडकीबाहेर पाहिलं. मग तमिळमध्ये सावकाश काहीतरी सांगितलं. विशालाक्षी ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा हात तोंडावर गेला.

“काय म्हणाली?” ऊर्मीने विचारलं.

“ती म्हणते, समुद्र कुठला तें लिहिलेंच नाही.”

ऊर्मीला उमगलं नाही. तेव्हा रम्यानेच समजावून सांगितलं. इथल्या समुद्रातून सूर्य वर येतो. पण ती आईबरोबर कन्याकुमारीला गेली होती, तिथे तो सकाळी समुद्रातून वर आला आणि संध्याकाळी समुद्रातच बुडाला. आई म्हणाली की तिकडे दुसरा समुद्र आहे. म्हणजे चित्रातला समुद्र इकडचा असेल तर सकाळ, आणि तिकडचा असेल तर संध्याकाळ. ते कळल्याशिवाय गोल कसा काळा करायचा? म्हणून तिने विचार केला, आणि तोवर वेळ संपली.

मग ऊर्मी हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग तिला आवरेना, डोळ्यांत पाणी आलं. तिने चित्र उचलून आपल्या कपाळावर मारून घेतलं. ती गुहागरची होती. दाराशी समुद्र. जन्मापासून तिने सूर्याला त्या समुद्रात बुडताना पाहिलं होतं, आणि हे चित्र तिने स्वतःच काढलं होतं, पुण्याच्या ऑफिसात बसून, घरची आठवण आली म्हणून. चार लोकांनी ते तपासलं होतं. चौघेही तिकडचेच. चाचणी घेणारी पूर्व किनाऱ्यावरची शाळा ही एवढीच होती, आणि हजारो मुलांच्या गर्दीत ही मूठभर मुलं कॉम्प्युटरला चोर वाटली होती.

विशालाक्षीही हसत होती, पण तिची नजर ऊर्मीपुढच्या उत्तरांच्या कागदावर गेली होती. त्या कागदावर वर्गातल्या सगळ्यांना या प्रश्नाला शून्य मिळालं होतं, आणि प्रश्न नेमका कुठे फसला आहे हे एकटीने ओळखणाऱ्या मुलीलाही शून्यच. त्यांना दिसत होतं तेवढं त्यांनी खरं सांगितलं होतं, हिने त्याच्याही पलीकडचं पाहिलं होतं, आणि गोलाला दोन्ही सारखंच.

“समुद्रातून वर येणारा सूर्य मी अजून पाहिलेला नाही,” ऊर्मी डोळे पुसत म्हणाली. “एकदाही नाही.”

“मग उद्यां पहा,” विशालाक्षी म्हणाली. “पोरांसच दाखवूं दे.”

हेमावती मॅडमांना पटवणं सोपं नव्हतं. परीक्षा तोंडावर, पालकांच्या परवानग्या, मुलं पाण्यात जातील. ऊर्मीने त्यांना सांगितलं की मला अहवाल लिहायचा आहे, आणि खात्री केल्याशिवाय मी तो लिहू शकत नाही. खात्री म्हटल्यावर मॅडम नरमल्या. कागदपत्रांचं महत्त्व त्या जाणून होत्या. चंद्रमौळीने कारखान्याच्या बसच्या ड्रायव्हरला, वेंकटला, फोन लावला. त्याची स्वतःची व्हॅन होती. दोन खेपांत सगळी पलटण पोचवतो, म्हणाला. काही आयांनी आपणही येतो म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत अशी धांदल उडाली जणू कुणाचं लग्नच निघालं आहे.

दुसऱ्या दिवशी अंधारातच सगळे बेझंट नगरच्या किनाऱ्यावर जमले. वाळू थंडगार. फिरायला येणारे म्हातारे थांबून बघायला लागले की एवढी मुलं या वेळी कशाला. एका सायकलवाल्याकडे सुक्कू कापी होती, सुंठ घातलेली, गूळ घातलेली. ऊर्मीने एक घोट घेतला आणि तिला ठसका लागला. मुलं खूश झाली. मग तिला मधे बसवून सगळी तिच्याभोवती कोंडाळं करून बसली, जणू आजची परीक्षा तिची होती.

आधी समुद्राच्या कडेला राख फासल्यासारखं झालं, मग गुलाबी. कोळ्यांच्या दोन होड्या लांबवर काळ्या ठिपक्यांसारख्या दिसल्या. मुलांचा दंगा आपोआप खाली आला. आणि मग पाण्याच्या रेषेवर एक लाल नख उगवलं. ते वाढत वाढत अर्धं झालं, अगदी चित्रातल्यासारखं, होडीसकट, आणि वरून खरोखरच पक्ष्यांची एक रांग गेली.

ऊर्मी उभी राहिली, चप्पल काढली, आणि सलवार घोट्यांपर्यंत भिजेल एवढी पाण्यात गेली. मागोमाग अर्थातच सगळा वर्ग गेला. आया ओरडल्या, मग त्याही गेल्या. हेमावती मॅडम वाळूत पर्स धरून ताठ उभ्या होत्या. एका लाटेने त्यांना विचारलं नाही. साडी गुडघ्यापर्यंत ओली झाली तेव्हा त्यांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, पर्स विशालाक्षीच्या हातात दिली आणि निऱ्या उचलून पुढे गेल्या.

रम्या विशालाक्षीजवळ थांबली होती. सूर्य पूर्ण वर आल्यावर ती तिला हाताला धरून ऊर्मीकडे घेऊन गेली आणि तिच्यामार्फत विचारलं की हाच सूर्य तुमच्या गावच्या समुद्रात बुडतो का. हाच, ऊर्मी म्हणाली. मग रम्याने विचारलं, “आमच्या समुद्रातून तुमच्या समुद्रात जायला त्याला पूर्ण दिवस लागतो. मग आमच्याकडे अंधार पडतो तेव्हा तो तुमच्याकडे अजून चालतच असतो का?”

ऊर्मीने विशालाक्षीकडे पाहिलं. विशालाक्षीने उत्तर सांगितलं नाही. तिने इतकंच सुचवलं की हें पाहून घेतां येईल, तुमच्या गांवीं कुणी असेल तर.

अहवाल गेला. कंपनीने माफीची मेल पाठवली, चौकशी मागे घेतली, तो प्रश्न रद्द केला आणि त्याचा गुण सगळ्यांना देऊन टाकला. रम्यालाही मिळाला. तरीही तिचा क्रमांक शेवटचाच राहिला, कारण बाकीचे पांढरे गोल पांढरेच होते. निकाल हाती आला तेव्हा विशालाक्षी स्वतः हेमावती मॅडमांच्या खोलीत गेली. या वेळी कुणी बोलावलं नव्हतं.

चाचणी बंद करा असं ती म्हणाली नाही, कारण ते मॅडमांच्या हातात पूर्णपणे नव्हतं. तिने एवढंच विचारलं की एका सूर्याचं चित्र तपासताना चार शहाण्या माणसांकडून एवढी चूक होते, तर त्याच कागदावरून आठ वर्षांच्या मुलीने पुढे कुठल्या वर्गात बसायचं हे आपण ठरवायचं का.

हेमावती मॅडमांनी निकालाचा कागद घडी करून खणात ठेवला. मग म्हणाल्या, “फाटकावरचा फलक मी काढू शकत नाही. पण वर्ग मिसळून टाकते.” आणि जणू स्वतःशीच, “आणि शुक्रवारचा तुमचा तो तास पुन्हा घ्या. तसाही त्या वेळी मुलांचं लक्ष नसतं.”

फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी तिसरीचा वर्ग शाळेतच थांबला. खाली आया जमल्या होत्या. कुणी सुंडल, खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, आणलं होतं, आणि चंद्रमौळी लवकरची बस पकडून आला होता. बाहेर मांबलमच्या गल्लीत सूर्य मावळून अंधारायला लागलं, फुलवालीने दिवा लावला, देवळातला नगारा वाजला. वर्गातल्या मोठ्या पडद्यावर ऊर्मीचे वडील दिसायला लागले, गुहागरच्या वाळूत फोन धरून उभे. त्यांना तमिळ येत नव्हतं, मुलांना मराठी येत नव्हतं, आणि मधे विशालाक्षी होती, जिच्या मराठीने ते दर वाक्याला चकित होत होते. ते सारखे म्हणत होते की असं तर माझी पणजी बोलायची.

मग त्यांनी फोन समुद्राकडे वळवला.

तिथे अजून लख्ख उजेड होता. सूर्य पाण्याच्या वर होता, अजून पुरता हातभर वर. मुलांनी पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या दाटत्या अंधाराकडे, मग पुन्हा पडद्याकडे. कुणीतरी भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि तिकडचं घड्याळ किती दाखवतं म्हणून विचारलं. तितकंच, उत्तर आलं. एकच देश, एकच घड्याळ, आणि आपला सूर्य गेला तरी त्यांचा अजून आहे. वर्गात एकदम चाळीस तोंडं बोलायला लागली. दिल्लीला काय होत असेल? मदुरैला? सूर्याच्या मागे मागे विमानाने गेलं तर संध्याकाळ कधीच होणार नाही का? त्यातल्या काही प्रश्नांची उत्तरं विशालाक्षीला येत होती, काहींची येत नव्हती. तिने ती सगळी फळ्यावर लिहायला घेतली आणि फळा भरला.

हे टेस्टला येणार का, असं त्या संध्याकाळी कुणी विचारलं नाही.

रम्या पहिल्या बाकावर, सुंडलचा कागद मांडीवर ठेवून, सूर्य पाण्याला टेकण्याची वाट पाहत बसली होती. तिच्या शेजारी, लहान मुलांच्या बाकात गुडघे कसेबसे मावलेल्या हेमावती मॅडमही बसल्या होत्या. दारातून शिपाई डोकावला आणि त्याने विचारलं की शाळा बंद करू का.

“थांब जरा,” पडद्यावरून नजर न काढता मॅडम म्हणाल्या. “अजून संध्याकाळ झाली नाही.”